शंकूसारखे बुबुळ : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकणाऱ्या मुलाला फळ्यावरील अक्षरे पुसट दिसू लागली, की घरची मंडळी त्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन जातात. नंबर निघतो, चष्मा येतो आणि सहा महिन्यांत तो निरुपयोगी होतो. पुन्हा नंबर काढावा लागतो, पुन्हा चष्मा बदलावा लागतो. मुलगा म्हणतो, रात्री रस्त्यावरचा एक दिवा मला तीन-चार दिव्यांसारखा दिसतो, अक्षरांना सावल्या पडतात. वडिलांना हे खरे वाटत नाही. फार वाचल्याने, रात्री जागल्याने किंवा हातातील यंत्रावर चित्रे पाहिल्याने हे झाले असावे, असा घरात निर्णय होतो. तिसरा किंवा चौथा चष्माही लागू पडेनासा झाला म्हणजे एखादा जाणता चष्मेवाला स्वतःच सांगतो, "हे माझे काम नव्हे, याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या." तेथे मग केराटोकोनस हा शब्द त्या कुटुंबाच्या कानावर प्रथमच पडतो.

ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ शंकूच्या आकाराचे स्वच्छमंडल असा आहे. आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल असते. वैद्यकाच्या मराठी ग्रंथांत त्यास स्वच्छमंडल म्हटले आहे, आणि व्यवहारात कॉर्निया हाच शब्द रूढ आहे. या पटलाची मध्यावरची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित अधिक असते. त्यात रक्तवाहिनी एकही नसते. तरीही प्रकाशाचे किरण वाकवून दृष्टिपटलावर आणण्याचे जे काम डोळा करतो, त्यातील सुमारे दोन-तृतीयांश काम एवढ्याशा पातळ पडद्याकडे असते. हे काम नीट व्हावयाचे तर त्याचा घाट घुमटासारखा गोल व गुळगुळीत हवा. केराटोकोनसमध्ये पटलातील तंतूंची वीण ढिली पडते, मध्याजवळचा किंवा त्याच्या किंचित खालचा भाग पातळ होत जातो, आणि डोळ्यातील दाबाने तो पुढे येऊन घुमटाचा शंकू होतो. चष्म्याची काच नियमित घाटाचा दोष दुरुस्त करू शकते. वेड्यावाकड्या घाटाचा दोष तिच्याने जात नाही. म्हणून चष्मेवाला हतबल होतो.

लिव्हरपूल येथील जॉन नॉटिंगहॅम या शल्यवैद्याने १८५४ साली या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे १८८८ साली झुरिच येथे आडोल्फ फिक यांनी डोळ्यावरच बसवावयाची काचेची लेन्स तयार केली, आणि ती ज्या रोग्यांसाठी वापरली त्यांत अशा डोळ्यांचे रोगी होते. आज सौंदर्यासाठी जी लेन्स तरुण-तरुणी सर्रास वापरतात, तिचा पूर्वज अशा प्रकारे या आजारातून जन्मला. कडक लेन्स आणि अश्रू यांचा मिळून एक नवा गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो व शंकूची वाकडी पाठ त्याखाली झाकली जाते. आजही मध्यम अवस्थेतील बहुसंख्य रोग्यांचे काम अशा लेन्सनेच भागते, हे शस्त्रक्रियेविषयी बोलण्यापूर्वी सांगून ठेवले पाहिजे. लेन्सने रोग थांबत नाही, पण दृष्टी मिळते. पुष्कळ रोग्यांस तेवढेच पुरते.

हा विकार दूरदेशीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांचे डोळे तपासून जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा २.३ लोकांत तो आढळल्याचे नमूद आहे. पटलाचा बाक ठरावीक मर्यादेच्या पलीकडे गेला की तो रोगी, अशी त्या अभ्यासाची सोपी कसोटी होती. पृष्ठभागाचा पूर्ण नकाशा काढला गेला नव्हता. म्हणून हा आकडा थोडा चढा असण्याचा संभव आहे. तथापि तो निम्मा धरला तरी शंभर माणसांत एक होतो, आणि युरोपातील जुन्या पुस्तकांत दिलेल्या प्रमाणाच्या तो कितीतरी पट आहे. रोगाची सुरुवात बहुधा वयात येण्याच्या सुमारास होते, विशीत तो झपाट्याने वाढतो आणि पस्तिशी-चाळिशीत पुष्कळदा आपोआप स्थिरावतो. वयपरत्वे पटलातील तंतू एकमेकांस अधिक घट्ट जखडले जातात, हे त्याचे कारण होय.

काही घराण्यांत तो पिढ्यान्पिढ्या दिसतो. पण ज्या सवयीकडे सर्व तज्ज्ञ बोट दाखवितात, ती डोळे चोळण्याची. माळव्यात उन्हाळ्याची कोरडी हवा आणि धूळ सुरू झाली, की ज्या मुलांच्या डोळ्यांना वावडे असते ती मुठी वळून तासन्तास डोळे चोळीत बसतात. आई रागावते, मग मूल आडोशाला जाऊन चोळते. खाज थांबविणारे थेंब वेळीच मिळाले तर त्या मुलाच्या पुढील वीस वर्षांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. याउलट स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घातले, तर काचबिंदू व मोतीबिंदू यांचे संकट ओढवते, हेही विसरता कामा नये.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन केले म्हणजे चष्मा जाईल ना?" लग्नाचे वय झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच आग्रहाने विचारला जातो. येथे एक गंभीर धोका आहे. लेसर किरणांनी पटल तासून चष्म्याचा नंबर घालविण्याची जी शस्त्रक्रिया सर्वत्र प्रसिद्ध आहे, ती या विकारात वर्ज्य होय. जे पटल आधीच पातळ झाले आहे, ते आणखी तासले तर शंकू अधिकच वाढतो. म्हणून त्या शस्त्रक्रियेपूर्वी पटलाचा रंगीत नकाशा काढतात. ज्या ठिकाणी तो काढल्यावाचून शस्त्रक्रियेचा दिवस ठरविला जातो, तेथून उठून यावे.

केराटोकोनससाठी जी रोपणशस्त्रक्रिया करतात, तिचा हेतू निराळा आहे. पटलाच्या जाडीत, मध्यबिंदूभोवती, पारदर्शक प्लॅस्टिकच्या एक किंवा दोन कमानी बसवितात. त्यांची जाडी मिलिमीटरच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास असते, आणि आकार तुटलेल्या बांगडीच्या तुकड्यासारखा असतो. पटलाच्या सुमारे तीन-चतुर्थांश खोलीवर एक वर्तुळाकार बोगदा पाडतात. पूर्वी तो हाताच्या हत्याराने पाडीत, आता बहुधा अतिसूक्ष्म लेसर स्पंदांनी पाडतात. त्या बोगद्यात कमान सरकविली की काम संपते. तंबूच्या कापडाखाली कडेने वळकटी घातली, तर मधला फुगलेला भाग ताणला जाऊन सपाट होतो, तसेच येथे घडते. कडेला भर घातल्याने मध्य चपटा होतो, शंकूचे टोक खाली बसते आणि पुष्कळदा मध्याकडे सरकते. पटलाचे कापड एवढेसेही काढून टाकावे लागत नाही, ही या उपायाची मोठी जमेची बाजू. कमान नकोशी झाली तर ती बाहेर काढता येते व पटल बव्हंशी पूर्वस्थितीस जाते.

ज्या प्लॅस्टिकच्या या कमानी बहुधा असतात, त्याची कथा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांसाठी पर्स्पेक्स नावाचा काचेसारखा पदार्थ वापरीत. गोळी लागून छत फुटले की त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले, की साध्या काचेचा किंवा लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर डोळा पेटून उठतो, परंतु हे तुकडे डोळा मुकाट्याने सोसतो. त्यावरून १९४९ साली त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात त्याच पदार्थाची लेन्स बसविली. आज घरोघरच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जी लेन्स आहे तिचा हा उगम. केराटोकोनसच्या कमानींनी तोच पदार्थ उचलला. डोळ्यात परकी वस्तू वर्षानुवर्षे निमूट राहू शकते, हा विश्वास त्या जखमी वैमानिकांनी मिळवून दिला.

या कमानी मुळात साध्या लघुदृष्टीसाठी निघाल्या होत्या, आणि अमेरिकेत १९९९ साली त्यांना त्याच कामासाठी परवानगी मिळाली. तेथे लेसरशी स्पर्धा करताना त्या मागे पडल्या. परंतु फ्रान्समध्ये जोसेफ कोलँ यांनी १९९७ साली त्या केराटोकोनसच्या डोळ्यांत बसविल्या, आणि २००० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा यांनी त्याच सुमारास निराळ्या घाटाच्या, अधिक लहान वर्तुळाच्या कमानी तयार केल्या. अमेरिकेच्या सरकारी खात्याने या विकारासाठी २००४ साली मर्यादित परवानगी दिली. म्हणजे आज या उपायाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि वडिलांनी खरोखर विचारावयास हवा असा प्रश्न आता विचारता येतो. तो प्रश्न, "हे किती वर्षे टिकेल?"

शस्त्रक्रियेच्या यशाच्या गोष्टी बहुधा सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या असतात. बावीस वर्षांच्या मुलापुढे मात्र अजून पन्नास वर्षे पडलेली असतात. त्याच्या दृष्टीने सहा महिन्यांचा अहवाल म्हणजे लांबच्या प्रवासातील पहिले स्टेशन होय.

पहिल्या स्टेशनापर्यंतची हकीकत चांगली आहे. योग्य डोळा निवडला तर पटलाचा बाक काही डायॉप्टरने कमी होतो, तक्त्यावरील एक-दोन ओळी अधिक वाचता येऊ लागतात, चष्म्याचा उपयोग होऊ लागतो आणि जी कडक लेन्स डोळ्यावर ठरत नव्हती ती ठरू लागते. चष्मा मात्र बहुधा जात नाही. ज्यांना तो जाईल असे वाटत होते त्यांची निराशा होते, आणि चष्म्याने तरी दिसावे एवढीच ज्यांची इच्छा होती ते संतुष्ट होतात. एकाच शस्त्रक्रियेचे दोन रोगी निरनिराळा निकाल सांगतात, त्यात पुष्कळदा डोळ्यांपेक्षा अपेक्षांचा फरक असतो. आणखी एक गोष्ट स्पेनमधील तज्ज्ञांच्या नोंदींवरून स्पष्ट झाली आहे. ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेपूर्वी फार अधू होती, त्यांना लाभ सर्वांत अधिक झाला. ज्यांना चष्म्याने आधीच चांगले दिसत होते, त्यांतील काहींचे उलट नुकसान झाले. म्हणजे "आजार अजून थोडाच आहे, तेव्हाच कमान बसवून घेऊ" हा व्यवहारी वाटणारा विचार येथे चुकतो.

पुढच्या स्टेशनांची हकीकत रोग स्थिर होता की वाढत होता, यावर अवलंबून आहे. स्पेनच्याच अलिकांते शहरातील अल्यो आणि त्यांचे सहकारी यांनी पाच-पाच वर्षे रोग्यांचा पाठपुरावा केला. ज्यांचा रोग शस्त्रक्रियेपूर्वीच स्थिर झाला होता, त्यांना मिळालेला लाभ पाच वर्षांनंतरही जवळजवळ तसाच टिकला. परंतु ज्या तरुणांचा रोग वाढत होता, त्यांच्या डोळ्यांत पहिल्या सहा महिन्यांत आलेली सपाटी पुढील पाच वर्षांत बहुतांश निघून गेली. कमान जागच्या जागी होती, मोडली नव्हती, सरकली नव्हती. तिच्याभोवतीचे कापडच ढिले होत गेले होते. वळकटीने तंबूचा घाट सुधारतो, पण विरणारे कापड वळकटीने विरावयाचे थांबत नाही. कमानीच्या शस्त्रक्रियेविषयी एवढी एक गोष्ट कुटुंबाने पक्की समजून घेतली तर पुष्कळ गैरसमज टळतील. ती घाट सुधारणारी शस्त्रक्रिया आहे. रोग थांबविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

इतर तक्रारीही काळाच्या ओघात दिसतात. कमानीच्या कडेने पांढुरके कण साचतात, ते बहुधा निरुपद्रवी असतात. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, विशेषतः ज्यांची बाहुली अंधारात मोठी उघडते त्यांना. कमान फार उथळ बसली किंवा डोळे चोळण्याची सवय सुटली नाही, तर वरचे पटल झिजून कमान बाहेर डोकावू लागते आणि ती काढावी लागते. असे क्वचित घडते, पण ते शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही घडू शकते. म्हणून "आता सर्व ठीक आहे" असे म्हणून तपासणीस जाणे बंद करणारा रोगी स्वतःवर अन्याय करतो.

मग विरणारे कापड थांबवावयाचे कसे? त्याचे उत्तर जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातून आले. दात किडले म्हणजे दंतवैद्य पोकळीत मसाला भरून निळ्या प्रकाशाने तो कठीण करतात. तंतूंना जखडण्याची ही पद्धत त्याच जातीची आहे. पटलावर ब-२ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रायबोफ्लेविनचे, थेंब वारंवार घालतात आणि मग अतिनील किरण सोडतात. त्यायोगे तंतूंमध्ये नवे बंध निर्माण होतात. वयोमानाने चाळिशीत जे घडते, ते एका बैठकीत घडवून आणावयाचा हा प्रयत्न होय. पहिल्या रोग्यांचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि २०१५ साली ड्रेस्डेनच्याच मंडळींनी दहा वर्षांनंतरचे निकाल मांडले. बहुतेक डोळ्यांत रोग थांबलेला राहिला होता. फार लहान वयात केलेल्या उपचारानंतर काही मुलांत तो पुन्हा वाढतो, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते. मूळ पद्धतीत पटलाची जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर शिल्लक असावी लागते. जो रोगी फार उशिरा येतो, त्याच्यासाठी हे दार अरुंद झालेले असते. वाढत्या रोगात हा उपचार आधी किंवा कमानीबरोबरच करावा, असा आता सर्वत्र प्रघात पडत आहे. चष्मा बदलत राहण्यात गेलेल्या दोन वर्षांची किंमत येथे कळते.

हे सर्व उपाय हुकले, किंवा पटलावर व्रण पडून ते पांढरे झाले, तर नेत्ररोपण उरते. मृताच्या नेत्रातील स्वच्छमंडल काढून ते जिवंत माणसाच्या डोळ्यावर शिवावयाचे. युरोपात हे १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमौत्स येथे प्रथम यशस्वी केले. त्यांचा रोगी चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. केराटोकोनससाठी ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्क येथे रामोन कास्त्रोव्हिएहो यांनी १९३६ साली केली. आपल्या देशात मद्रास येथे १९४५ साली पहिली नेत्रपेढी निघाली, आणि नेत्ररोपणाच्या इतिहासात इंदूरचे नाव १९६० साली आले. प्राध्यापक आर. पी. ढांडा यांनी इंदुरात केलेली शस्त्रक्रिया ही भारतातील पहिल्या यशस्वी नेत्ररोपणांपैकी एक म्हणून नोंदली गेली आहे. इंदूरचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. आजच्या इंदूरकरांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. राजवाडा आणि सराफा दाखविणाऱ्या पाहुणचारात तिला स्थान नाही, ही गोष्ट किंचित खेदाची म्हणावयास हवी.

केराटोकोनसमध्ये नेत्ररोपण फार चांगले लागते. पटलात रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूस दाह नसतो, म्हणून शरीराला परकेपणाची चाहूल उशिरा लागते. ऑस्ट्रेलियात या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९८५ पासून ठेवली जात आहे. केराटोकोनससाठी पूर्ण जाडीचे रोपण केलेल्या डोळ्यांपैकी दहा वर्षांनंतर दर दहांतील जवळजवळ नऊ रोपणे स्वच्छ होती. हा आकडा ऐकून कोणीही समाधान मानील. परंतु तीच नोंदवही वीस वर्षांपर्यंत वाचली तर रोपणे निम्म्यावर येतात. बावीसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेला रोगी तेव्हा बेचाळीस वर्षांचा असतो. त्याची मुले शाळेत असतात, नोकरीची वीस वर्षे शिल्लक असतात. दुसरे रोपण करता येते, पण ते पहिल्याइतके भरवशाचे नसते.

रोपणे का थकतात? पटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो, आणि तो पटलातील पाणी उपसून ते पारदर्शक ठेवतो. या पेशी पुन्हा वाढत नाहीत. रोपणाबरोबर आलेला त्यांचा साठा वर्षागणिक घटत जातो. शरीराने रोपण नाकारण्याचा झटका आला तर तो एकदम घटतो. हा झटका शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही येऊ शकतो. डोळा लाल होणे, प्रकाश सहन न होणे, दृष्टी मंदावणे, ही त्याची लक्षणे. ती दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले तर रोपण वाचण्याचा बराच संभव असतो. "उद्या बरे वाटेल" म्हणून आठवडा दवडला तर तो राहत नाही. शिवाय शिवलेली कडा मूळच्या पटलाइतकी बळकट कधीच होत नाही. गल्लीतील क्रिकेटचा चेंडू लागून दहा वर्षांपूर्वीची जखम उघडल्याची उदाहरणे नेत्रवैद्यांच्या अनुभवात आहेत.

यावर शल्यवैद्यांनी एक तोड काढली. रोग्याचा स्वतःचा आतला थर निरोगी असेल तर तो तसाच राखावयाचा आणि वरचा विकृत भाग तेवढा बदलावयाचा. हवेचा बुडबुडा भरून दोन्ही थर अलग करण्याची अन्वर व टाइखमान यांची कृती २००२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून केराटोकोनसमध्ये ही आंशिक रोपणाची पद्धत पुष्कळ ठिकाणी पहिली पसंती ठरली आहे. स्वतःच्या पेशी राहिल्यामुळे आतला थर नाकारला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही शस्त्रक्रिया हातास अधिक कठीण आणि वेळखाऊ आहे. मध्येच थर फाटला तर पूर्ण रोपण करावे लागते. परंतु ज्याला पन्नास वर्षे काढावयाची आहेत, त्याच्यासाठी शल्यवैद्याने तास-अर्धा तास अधिक घालविणे उचितच होय.

अलीकडच्या दोन प्रयत्नांत भारताचा वाटा मोठा आहे. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकराच्या कातड्यातील शुद्ध कोलॅजनपासून पारदर्शक पटल तयार केले, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत व इराणमध्ये मिळून वीस रोग्यांच्या डोळ्यांत ते बसविले. हे सर्व बळावलेल्या केराटोकोनसचे रोगी होते. त्यांचे स्वतःचे पटल न काढता त्यात खिसा करून हे नवे पटल आत सरकविले गेले. वीसांपैकी चौदा जण शस्त्रक्रियेपूर्वी कायद्याच्या व्याख्येने अंध होते. दोन वर्षांनंतर त्यांतील एकही अंध राहिला नव्हता. हा वृत्तान्त २०२२ साली प्रसिद्ध झाला. मानवी पटल पेढीत फार तर दोन आठवडे टिकते, हे पटल मात्र बंद वेष्टनात दोन वर्षांपर्यंत ठेवता येते असे संशोधकांचे म्हणणे आहे. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या रुग्णालयांस त्याचे महत्त्व सहज पटेल. तथापि वीस डोळे आणि दोन वर्षे म्हणजे पुन्हा पहिलेच स्टेशन. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने जो धडा दिला, तो येथे लागू करण्यास अजून अवधी आहे.

दुसरा प्रयत्न चेन्नईचा. तेथील डॉ. सूसन जेकब यांनी प्लॅस्टिकच्या कमानीऐवजी दान मिळालेल्या मानवी पटलातूनच कमानी कापून त्या बोगद्यात बसविण्याची रीत काढली व २०१८ साली ती प्रसिद्ध केली. वस्तू त्याच जातीची असल्यामुळे ती वरच्या पटलास घासत नाही, अधिक उथळ बसविता येते आणि बाहेर येण्याचे भय पुष्कळ कमी होते. प्लॅस्टिकच्या कमानीला जागा न उरलेल्या पातळ पटलांतही तिचा उपयोग करून पाहिला जात आहे. रोग न थांबण्याची मर्यादा मात्र हिलाही आहे, म्हणून तंतू जखडण्याचा उपचार जोडीने करतात.

या रीतीत एक गोष्ट नेत्रपेढ्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. वृद्ध दात्याच्या पटलात आतल्या थरातील पेशी पुष्कळदा कमी भरतात, आणि असे पटल पूर्ण रोपणास नापसंत ठरते. कमानीसाठी तो थर लागतच नाही. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांचे नेत्र, जे पूर्वी तपासणीनंतर बाजूला ठेवले जात, ते आता एखाद्या विशीतील मुलाच्या डोळ्यास आधार देऊ शकतात. इंदुरात अवयवदानाची जागृती चांगली आहे. २०१५ पासून शहराने अवयव वेळेवर पोहोचविण्यासाठी रस्ते मोकळे करण्याचा परिपाठ ठेवला आहे. नेत्रांसाठी एवढीही धावपळ लागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे, पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाची घडी ठेवावी, डोक्याखाली उशी द्यावी. २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञही घरी येऊन पटल काढू शकतो. त्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृत व्यक्तीने चष्मा वापरला असला किंवा तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असले तरी अडत नाही. ज्या घरी आजोबा गेले आहेत, त्या घरात हा दूरध्वनी करण्याचे बहुधा एखाद्या नातवालाच सुचते, आणि वडील मंडळींची संमती मिळविण्यात सहांपैकी दोन-तीन तास निघून जातात.